जस्त आणि बालकांचा न्यूमोनिया : एका आशेचा इतिहास

'जस्त' हा शब्द उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत एकाच अर्थाने वापरला जातो. भांडी आणि पत्र्यांमुळे परिचित असलेला हा धातू शरीरालाही लागतो, हे ज्ञान मात्र अलीकडचे आहे. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६१ मध्ये इराणमधील शिराझ परिसरातील वाढ खुंटलेल्या तरुणांविषयी लिहिताना या आजारामागे जस्ताची कमतरता असावी, असा तर्क मांडला. या तरुणांचा आहार मुख्यतः गव्हाच्या रोटीचा होता, आणि धान्यातील फायटेट हे द्रव्य जस्त अंगी लागू देत नाही. पुढे इजिप्तमधील अभ्यासात या तर्काला पुष्टी मिळाली.

यानंतर संशोधकांचे लक्ष बालकांच्या आजारांकडे वळले. जुलाबात जस्ताचा लाभ दिसून आल्यावर २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी सहा महिन्यांवरील बालकास रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहान बालकास १० मिलिग्रॅम जस्त १० ते १४ दिवस द्यावे, अशी शिफारस केली.

मग न्यूमोनियात हेच औषध का चालू नये? त्याच वर्षी बांगलादेशातील मतलब रुग्णालयातील २७० बालकांच्या चाचणीचा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिजैविकांबरोबर जस्त मिळालेली बालके सुमारे एक दिवस आधी बरी झाली. कोलकात्यातील चाचणीत मात्र लाभ केवळ मुलग्यांत दिसला, मुलींत नाही. २००६ मध्ये वेल्लोर येथील २९९ बालकांच्या चाचणीत एकंदरीत कोणताही लाभ आढळला नाही. २०१० मध्ये नेपाळमधील २,६२८ बालकांच्या अभ्यासानेही तेच सांगितले. उलट जस्त घेणाऱ्यांत उलट्या अधिक दिसल्या. २०१२ मध्ये युगांडातील मुलागो रुग्णालयाच्या ३५२ बालकांच्या चाचणीने प्रश्न आणखी गुंतागुंतीचा केला. बरे होण्याच्या काळात फरक नव्हता, परंतु जस्त मिळालेल्या १७६ पैकी ७, तर न मिळालेल्या १७६ पैकी २१ बालके दगावली.

या विसंगतीची संभाव्य कारणे अनेक आहेत. न्यूमोनिया जंतूंमुळे होतो तसा विषाणूंमुळेही होतो. बालकांचे पोषण ठिकाणागणिक भिन्न असते. संसर्गाच्या काळात रक्तातील जस्ताचे प्रमाण आपोआप घटते, त्यामुळे खरी कमतरता मोजणेही कठीण जाते. म्हणूनच जुलाबासाठी शिफारस झाली, पण न्यूमोनियाच्या नेहमीच्या उपचारात जस्ताला तसे स्थान मिळाले नाही. प्रतिबंधाचा प्रश्न वेगळा आहे. जस्ताची कमतरता असलेल्या भागांत दीर्घकाळ पूरक जस्त दिल्यास न्यूमोनियाचे प्रमाण काहीसे घटते, असे एकत्रित आढाव्यांतून दिसते.

शिक्षकांच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व दुहेरी आहे. एका चाचणीचे यश हे अंतिम सत्य नव्हे, आणि एका आजारावरील औषध दुसऱ्या आजारावर चालेलच असे नाही, हे विद्यार्थ्यांना समजावण्यास याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. दुसरी बाब अधिक निकडीची आहे. आपले अनेक विद्यार्थी उद्याचे पालक आहेत. बालकाचा श्वास जलद चालत असेल किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर जस्ताच्या गोळीवर विसंबून न राहता त्याला विनाविलंब दवाखान्यात नेले पाहिजे. तेथे योग्य प्रतिजैविक आणि गरज पडल्यास प्राणवायू मिळणे, यावरच त्याचे प्राण अवलंबून असतात.