जन्माचा रकाना : अद्भुतकथा, खेळ आणि पात्राची घडण

खार स्थानकाच्या पश्चिमेस, समुद्राला टेकलेल्या खारदांड्याच्या कोळीवाड्यातील एखाद्या तरुणावर 'आपण कोण' हे लेखी सांगण्याचे दोन प्रसंग येऊ शकतात. पहिला, जातीच्या दाखल्याच्या अर्जाचा. त्यात नाव, वडिलांचे नाव, जात, मूळ गाव असे रकाने असतात. ते भरताना त्याला काहीही ठरवावयाचे नसते. मागील पिढ्यांच्या नोंदींशी जुळेल तेवढे उतरवावयाचे असते. दुसरा प्रसंग, इंटरनेटवरून अनेकांनी मिळून खेळावयाच्या एखाद्या अद्भुतरम्य खेळात नवे पात्र निर्माण करण्याचा. तेथेही रकानेच असतात : नाव, लिंग, वंश, पेशा, बळ-बुद्धी-चपळाईचे आकडे, आणि खेळ जेथून सुरू होणार ते गाव. रकाने जवळजवळ तेच आहेत. मात्र या दुसऱ्या अर्जात प्रत्येक रकान्यापुढे निवड आहे, आणि जन्मही तिला अपवाद नाही.

ही निवड म्हणजे पोरखेळाचा तपशील आहे असे मानून साहित्यविचाराने तिच्यावरून पुढे जाणे स्वाभाविक आहे. पण ते सोयीचेही आहे. कारण कथेपूर्वीच ठरलेले पात्र ही कल्पना मराठी कादंबरीच्या जन्माशी निगडित आहे आणि तिच्याविषयीचा आपला निवाडा घाईने दिला गेला आहे.

नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबरीच्या प्रस्तावनेत मांडलेली अडचण मराठी समीक्षेत वारंवार उद्धृत झाली आहे. तिचा आशय असा : आपल्याकडील विवाहाच्या रीती आणि इतर काही कारणे यांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मनोवेधक असे गुणही आढळत नाहीत आणि दोषही आढळत नाहीत, तेव्हा नित्याच्या अनुभवातले लिहावे तर त्यात रस कोठून यावा? या उद्गाराचा अर्थ सामान्यतः पलायनाची कबुली असा घेतला जातो. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाले'पासून (१८६१) सुरू झालेली अद्भुतरम्य कादंबरी ही बाल्यावस्था, आणि हरिभाऊ आपट्यांपासून वयात येणे, असा आलेख मग आपोआप तयार होतो. परंतु रिसबुडांचे विधान नीट वाचले तर ते प्रथमतः समाजाविषयीचे विधान आहे. ज्या समाजात कोणी कोणाशी लग्न करावे, कोणता धंदा करावा, कोठे राहावे हे व्यक्ती जाणती होण्यापूर्वीच ठरलेले असते, तेथे 'व्यक्तिरेखा' नावाची गोष्ट घडण्यास जागाच उरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे हरिभाऊंनी हीच अडचण कादंबरीचा विषय केली. १८९० पासून 'करमणूक'मधून येऊ लागलेल्या 'पण लक्षात कोण घेतो?' मधील यमूचे सारे आयुष्य इतरांनी ठरवलेले आहे, आणि त्या ठरवण्याचीच ती कथा आहे.

मग रिसबुडांनी काय केले? त्यांनी घटनांना मोकळीक दिली, जन्माला नाही. वसंतमाधव आणि मंजुघोषा अद्भुताच्या प्रदेशात वावरतात, पण राजकुलाबाहेर पडत नाहीत. येथे जुन्या नाट्यविचाराचे वजन जाणवते. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या १८७२ च्या निबंधाचे शीर्षकच नावल आणि नाटक यांना शेजारी बसवते, आणि नाटकाचा विचार म्हटला की नायकभेद आलेच. धीरोद्धत, धीरललित, धीरोदात्त आणि धीरप्रशांत या चार प्रकारांची नाट्यशास्त्राने केलेली वाटणी पाहण्यासारखी आहे : देव धीरोद्धत, राजे धीरललित, सेनापती व अमात्य धीरोदात्त, ब्राह्मण व वणिक धीरप्रशांत. स्वभाव येथे अनुभवातून येत नाही. तो पदाबरोबर, आणि बहुतेक वेळा जन्माबरोबर, येतो. रिसबुडांच्या अद्भुताने राक्षस आणले, योगायोग आणले. हा तक्ता मात्र जसाच्या तसा ठेवला. त्यांच्यावर आक्षेप घ्यावयाचाच तर तो त्यांनी वास्तव सोडले असा नसावा. त्यांनी अद्भुत पुरेसे ताणले नाही, असा असावा.

अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसून, बोलून खेळावयाच्या या खेळात प्रत्येकाने आधी आपले पात्र कागदावर तयार करावयाचे असे. बळ, बुद्धी, शहाणपण, प्रकृती, चपळाई आणि प्रभाव या सहा गुणांसाठी प्रत्येकी तीन फासे टाकावयाचे. ३ ते १८ यांमध्ये जे पडेल ते घ्यावयाचे. वंश मात्र खेळाडूने निवडावयाचा : मानव, एल्फ, बुटका ड्वार्फ वगैरे. 'वेणीसंहारा'तील कर्णाचे उत्तर मराठी वाचकाला येथे आठवल्यावाचून राहणार नाही. कोणत्या कुळात जन्मावे हे दैवाच्या हाती, पराक्रम मात्र माझ्या हाती, असा त्या सूतपुत्राचा दावा आहे. १९७४ च्या खेळाने तो नेमका उलटा केला. जन्म खेळाडूच्या हाती आला आणि गुण फाशांच्या, म्हणजे दैवाच्या, हाती गेले. पुढे ठरावीक गुणांक देऊन ते सहा रकान्यांत आपल्या मर्जीने वाटून घेण्याची पद्धत रूढ झाली आणि दैवाचा उरलासुरला अंशही हिशेबात विरघळला.

पण जन्म निवडता आला म्हणजे तो निरुपद्रवी झाला असे नव्हे. त्याच पहिल्या नियमावलीत ड्वार्फाला योद्ध्याखेरीज दुसरा पेशा घेता येत नसे, आणि योद्धा म्हणूनही सहाव्या पायरीपलीकडे त्याला चढता येत नसे. मानवाला अशी मर्यादा नव्हती. नाट्यशास्त्राचा तक्ता येथे दुसऱ्या भूगोलात पुन्हा भेटतो. १९९९ मध्ये इंटरनेटवर आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये तर काही वंशांना तीच पायरी गाठण्यासाठी इतरांहून अधिक अनुभवगुण मिळवावे लागत. आणि ट्रोल किंवा डार्क एल्फ म्हणून जन्म घेतलेले पात्र विशिष्ट नगरांच्या वेशीशी गेले की पहारेकरी त्याच्यावर धावून येत. त्याने काही केलेले नसे. गावकूस म्हणजे काय हे ज्याला सांगावे लागत नाही, त्या वाचकाने हा नियम कसा वाचावा? गंमत म्हणून निवडलेला जन्म आणि त्या जन्माला मिळणारी वागणूक, या दोहोंमधील अंतर खेळाच्या रचनाकारांना कदाचित जाणवले नसेल; मराठी वाचकाला ते जाणवल्याशिवाय राहणे शक्य नाही.

याहून वेगळी एक परंपरा इंग्लंडमध्ये सुरू झाली, आणि नंतरच्या झगमगाटात ती मागे पडली. एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी आरंभिलेला आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे नेलेला 'मड' हा संगणकजोडणीवरून अनेकांनी एकाच वेळी खेळावयाचा पहिला कल्पितविश्वाचा खेळ मानला जातो. त्यात चित्रे नव्हती, केवळ शब्द होते. पात्र निर्माण करताना नाव आणि लिंग एवढेच विचारले जाई. वंश नाही, पेशा नाही. प्रत्येकजण नवशिका म्हणून सुरू होई आणि केवळ आपल्या कृतीने जादूगारपदापर्यंत चढे. ब्रिटनमधील वर्गव्यवस्थेविषयीचा आपला राग या रचनेमागे होता, असे बार्टल यांनी पुढे सांगितले आहे. जन्माचा रकानाच काढून टाकणे ही त्यांची कृती होती, आणि ती राजकीय होती.

१९७८ हे साल मराठीत आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. दया पवार यांचे 'बलुतं' याच वर्षी प्रसिद्ध झाले. शीर्षकातच जन्माने ठरलेला वाटा आहे. या पुस्तकाची निवेदनरचना सर्वपरिचित आहे : दगडू मारुती पवार हा दया पवार यांना आपली कहाणी सांगतो. एकाच व्यक्तीचे हे दोन भाग, एक जन्माने मिळालेला आणि दुसरा शिक्षणाने व लेखनाने घडवलेला. बार्टल यांनी पहिला भाग पुसून टाकला. पवारांनी दोघांनाही समोरासमोर बसवले. पुसून टाकण्याची सोय त्यांना नव्हती, हे एक कारण झाले. दुसरे, अधिक वाङ्मयीन कारण असे की घडवलेल्या पात्राचा खरेपणा दिलेल्या पात्राच्या साक्षीनेच सिद्ध होतो. रिसबुडांना ज्या आयुष्यांत कथेला जागा दिसली नव्हती, त्यांच्याही तळाशी असलेल्या आयुष्यातून हे पात्र उभे राहिले.

दुसऱ्याचा जन्म घेऊन बोलण्याची रीत मराठीत अर्थातच याहून जुनी आहे. एकनाथांच्या भारुडांत जोशी, गोंधळी, वाघ्या आणि जोहार घालणारा महार प्रथमपुरुषी बोलतात. सोळाव्या शतकातील पैठणच्या ब्राह्मणाने महाराच्या मुखातून परमार्थ सांगावा, यातील धाडस कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही सोंग उतरवून घरी जाता येणे ही सोंग घेणाऱ्याची सवलत आहे. ज्याचे सोंग घेतले त्याला ती नसते. खेळातील पात्रालाही हेच लागू पडते. कंटाळा आला की नवे पात्र, नवा जन्म, मागचा हिशेब कोरा. बाणभट्टाची 'कादंबरी', जिच्या नायिकेचे नाव मराठीत एका साहित्यप्रकाराला मिळाले, जन्मांतराची कथा आहे. पण तिथे चंद्राला चंद्रापीड व्हावे लागते आणि पुंडरीकाला पुढे पोपटाच्या जन्मात यावे लागते ते शापामुळे, मागच्या जन्मातील वासनेमुळे. नवा जन्म म्हणजे तेथे फेडीचा लेखाजोखा. संगणकीय खेळांनी खेळाडूच्या पडद्यावरील रूपासाठी 'अवतार' हा आपला शब्द घेतला. १९८५ चा 'अल्टिमा ४' आणि १९८६ चा 'हॅबिटॅट' यांनी तो रुळवला, पण ऋण तेवढे मागे राहिले. 'अल्टिमा ४'मध्ये निदान एक वेगळेपण होते : आरंभी एक जिप्सी भविष्यवादिनी नैतिक पेचाचे प्रश्न विचारी, आणि दोन सद्गुणांपैकी खेळाडू कोणता पत्करतो यावरून त्याचा पेशा ठरे. तेथे निदान निवडीला किंमत होती.

अलीकडे या रकान्यांवर वाद झाला आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनी २०२० मधील एका पूरक ग्रंथाने वंशानुसार मिळणारे गुणांक हवे तिकडे वळवण्याची मुभा दिली. २०२४ च्या सुधारित नियमग्रंथात तर 'वंश' हा शब्दच गेला. त्याच्या जागी जीवशास्त्रातील संज्ञा आली, आणि गुणांकांची वाढ जन्माकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याकडे, बहुधा त्याच्या आधीच्या धंद्याकडे, सोपवण्यात आली. जन्म वेगळा, धंदा वेगळा, अशी ही फारकत आहे. खारदांड्यातल्या तरुणाने हा नवा तक्ता मराठीत उतरवावयास घेतला, तर त्याच्यापुढे दोन अडचणी येतील. इंग्रजीतील त्या नव्या संज्ञेला मराठी जीवशास्त्राच्या परिभाषेत रूढ असलेला प्रतिशब्द 'जाती' हा आहे. आणि त्याचा स्वतःचा, 'कोळी' हा शब्द, जन्माच्या रकान्यात लिहावा की धंद्याच्या, हे त्या तक्त्यावरून त्याला ठरवता येणार नाही.