स्मृतीचा घाट

मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर एकेक वळणदार भाग असतो. अरांझी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १५८७ साली त्याला समुद्रघोड्याची उपमा दिली आणि पुढे ‘हिप्पोकॅम्पस’ हे नाव रूढ झाले. घोडेगावकरांना तरी हा घोडा परका वाटू नये!

तो करतो काय, हे उमगायला मात्र साडेतीनशेंहून अधिक वर्षे लागली. आणि उमगले तेही एका माणसाचे आयुष्य खर्ची पडून. १९५३ साली अमेरिकेत हार्टफर्ड येथे डॉ. स्कोव्हिल यांनी हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा अपस्मार शमवण्यासाठी दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकला. झटके कमी झाले, पण नवी गोष्ट लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर ही विदुषी त्याला वर्षानुवर्षे तपासत होती. तिची ओळख प्रत्येक भेटीत नव्याने करून द्यावी लागे. बालपण मात्र त्याला आठवे. आरशात पाहून तारा गिरवायला दिला, तर दिवसागणिक हात सुधारत गेला. आपण हे पूर्वी केले आहे याची मात्र त्याला गंधवार्ताही नसे. हाताचे कसब मेंदू दुसरीकडेच ठेवतो, हे त्यातून कळले.

आम्हांला येथे नाणेघाट आठवतो. कोकणातला माल घाट चढून जुन्नरास येई. घाट बंद पडला, तर नवा माल येणार नाही. पण वखारीत आधीच पोहोचलेला शाबूत राहील. हिप्पोकॅम्पस हा घाट, मेंदूचे बाह्यपटल ही वखार. उपमा थोडी लंगडी आहे खरी. आठवण एका खेपेत पोहोचत नाही. दोहोंमध्ये, विशेषतः झोपेत, पुष्कळ देवघेव होते तेव्हा कोठे ती मुरते.

आता रोगाकडे वळू. आल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली ट्यूबिंगेन येथे एका स्मृतिभ्रंश झालेल्या स्त्रीच्या मेंदूतील पुटे आणि धाग्यांचे गुंते वर्णिले. श्रोत्यांनी म्हणे एकही प्रश्न विचारला नाही. आपल्या व्याख्यानमालेत असे घडते ना! पुढे १९९१ साली ब्राक पतिपत्नींनी दाखवले की, हे गुंते बहुधा हिप्पोकॅम्पसच्या वेशीपाशी सुरू होतात आणि मग बाह्यपटलावर पसरतात. रोग आधी घाटाचे तोंड धरतो.

जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तिथल्या आळ्या बिनचूक सांगणारी एखादी आजी सकाळी जेवल्याचे विसरते, आणि घरचे म्हणतात, “सोंग करते.” ते सोंग नव्हे. आंबेगाव केव्हाच वखारीत पोहोचले होते. सकाळची भाकरी घाटाखालीच राहिली. पुढे वखारीलाही कसर लागते, आणि मग आंबेगावही जाते.