दाभोळची वीज आणि आपल्या गटाची वही



आज इतिहास सांगायचा आहे, पण सुरुवात आमच्या गटाच्या बैठकीपासून करतो. मार्चमध्ये एक विक्रेता आमच्याकडे आला. कोकम आणि सुकी मासळी वाळवायला सौर वाळवणी यंत्र देतो म्हणाला. किंमत एक लाख, त्यातले साठ हजार आगाऊ. कागद गुळगुळीत, फोटो सुंदर. बायका खूश झाल्या. तेवढ्यात आमच्यातल्या एक काकी म्हणाल्या, "मागच्या वेळचे चोवीस हजार विसरलात काय गो?"

विसरलो नव्हतो. तीन वर्षांपूर्वी सौर दिव्यांसाठी आम्ही बारा जणींनी प्रत्येकी दोन हजार आगाऊ दिले होते. दिवे आले नाहीत, दुकानाला कुलूप लागलं. काकी पुढे म्हणाल्या, "आमच्या समोर तर एवढी मोठी एन्रॉन बुडाली. आपण कसल्या शहाण्या!" मग त्या बैठकीत आम्ही एन्रॉनचीच गोष्ट काढली. आम्ही तेव्हा शाळेत होतो. मोठ्या बायकांना आठवत होतं, बाकीचं आम्ही वाचून काढलं.

प्रकल्पाचं नाव दाभोळ, पण तो दाभोळात नाही. वाशिष्ठीच्या खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेल आणि वेलदूरच्या बाजूला आहे. जून १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीने महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी पहिला करार केला. डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा पक्का करार झाला. त्याच वर्षी जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता. आर्थिकदृष्ट्या तो परवडणारा नाही असं त्यांचं म्हणणं होतं. पुण्यातल्या प्रयास गटाच्या अभ्यासकांनीही आकडे मांडून तेच सांगितलं. १९९५ मध्ये सरकार बदललं. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने करार रद्द केला आणि काही महिन्यांतच पुन्हा बोलणी करून तो आणखी मोठा करून स्वीकारला. वीज स्वस्त पडेल असं लोकांना सांगितलं गेलं.

गावातल्या लोकांना जमिनीची, पाण्याची, मासळीची काळजी होती. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत शिरले. पुरुष मासेमारीला गेलेले, घरात बायका आणि पोरं. बायकांना घरातून ओढून, मारहाण करून पकडून नेल्याचं ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने आपल्या अहवालात नोंदवलं आहे. हिशोबाच्या गोष्टीत आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण "हे परवडेल का आणि नाही परवडलं तर कोण भरणार?" हा प्रश्न विचारणाऱ्यांत बायका होत्या, आणि त्याची किंमत त्यांनी अंगावर घेतली.

आता कराराची मेख बघू. करारात स्थिर आकार होता. वीज घ्या की नका घेऊ, ठरलेली रक्कम दर महिन्याला द्यायचीच. हे समजायला सोपं उदाहरण घेऊ. समजा, गटाने महिन्याच्या बोलीवर टेम्पो ठरवला. भाडं महिन्याला नऊ हजार आणि वर डिझेल किलोमीटरला दहा रुपये. टेम्पो तीन हजार किलोमीटर फिरला तर भाडं किलोमीटरला तीन रुपये पडतं, डिझेलसह तेरा. पण महाग वाटतो म्हणून पाचशेच किलोमीटर फिरवला, तर भाडंच किलोमीटरला अठरा रुपये पडतं, डिझेलसह अठ्ठावीस. जितका कमी वापरू तितका महाग!

वीज मंडळाचं हेच झालं. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. इंधन नाफ्था, तेलाच्या भावाबरोबर त्याचाही भाव वर गेला. पैशांचा हिशोब डॉलरशी बांधलेला. १९९३ मध्ये एक डॉलर सुमारे ३१ रुपयांचा होता, २००१ मध्ये सुमारे ४७ रुपयांचा झाला. वीज महाग म्हणून मंडळाने कमी घेतली, कमी घेतली म्हणून युनिट आणखी महाग पडलं. २००० च्या पावसाळ्यात तर एका युनिटची किंमत सात रुपयांच्या वर गेली. मंडळाची स्वतःची अवस्थाही दुबळी होती. गळती, चोरी, थकलेली बिलं. २००० संपता संपता मंडळाचे पैसे थकायला लागले. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने केंद्र सरकारच्या हमीवर बोट ठेवलं. राज्याने हमी दिली होती आणि तिच्यामागे केंद्राने हमी दिली होती. म्हणजे देणेकरी शेवटी आपणच. माधव गोडबोले समितीने एप्रिल २००१ मध्ये या कराराची चिरफाड केली. मे महिन्यात मंडळाने करार मोडला आणि वीजनिर्मिती थांबली. दुसऱ्या टप्प्याचं काम बहुतेक झालं होतं, तेही तसंच पडलं.

आत्तापर्यंत सगळे म्हणत होते की मंडळ कंगाल आहे आणि एन्रॉन श्रीमंत. खरं काय होतं ते त्याच वर्षाच्या शेवटी कळलं. २ डिसेंबर २००१ ला एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. उलाढालीच्या मानाने ती त्या देशातली सातवी मोठी कंपनी होती. २००० साली शंभर अब्ज डॉलरवर उलाढाल दाखवलेली. ऑगस्ट २००० मध्ये तिचा एक शेअर ९० डॉलरचा होता, नोव्हेंबर २००१ संपताना एक डॉलरपेक्षा कमी.

एवढी मोठी कंपनी आतून पोकळ कशी राहिली? तीन गोष्टी आपल्या भाषेत सांगतो.

पहिली. कंपनी वीस वर्षांचा करार केला की पुढे मिळेल असा अंदाज असलेला नफा आजच वहीत लिहायची. एखादीने आंब्याच्या बागेचा वीस वर्षांचा करार केला आणि वीसही वर्षांचे पैसे यंदाच जमा दाखवले, तसं. वहीत पैसा, पेटीत काही नाही.

दुसरी. कर्ज आपल्या नावावर न दाखवता बाजूला काढलेल्या संस्थांच्या नावावर टाकलं. घरचं कर्ज दिराच्या नावावर लिहून आपली वही कोरी दाखवावी, तसं. नोव्हेंबर २००१ मध्ये कंपनीला मागच्या चार वर्षांचे हिशोब दुरुस्त करावे लागले, तेव्हा दाखवलेल्या नफ्यातले ५८ कोटी डॉलरहून जास्त कमी झाले.

तिसरी. हिशोब तपासणारी आर्थर अँडरसन ही संस्था त्याच कंपनीला सल्लाही द्यायची. २००० साली तिला मिळालेल्या पाच कोटींहून जास्त डॉलरपैकी निम्म्याहून अधिक पैसे सल्ल्याचे होते. जिच्याकडून एवढं मिळतं तिची चूक कोण दाखवणार? पत ठरवणाऱ्या संस्थांनीही दिवाळखोरीच्या चार दिवस आधीपर्यंत तिला भरवशाचीच म्हटलं होतं.

इकडे अंजनवेलला यंत्रं गंजत राहिली. प्रकल्पात आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय यांचं कर्ज अडकलं, म्हणजे ठेवीदारांचा पैसा. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांना घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी निघाली आणि २००६ मध्ये तिथून पुन्हा वीज निघायला लागली.

असंच एक अलीकडचं उदाहरण ब्रिटनचं. तिथे घरगुती ग्राहक आपली वीज कंपनी स्वतः निवडतात आणि बरेच जण दर महिन्याला ठरावीक रक्कम भरतात, त्यामुळे उन्हाळ्यात खात्यात शिल्लक साठते. काही कंपन्या हीच शिल्लक धंद्यात फिरवत होत्या. २०२१ मध्ये गॅसचे भाव भडकले आणि वर्षभरात जवळपास तीस कंपन्या बंद पडल्या. ग्राहकांची शिल्लक तिथल्या नियमांमुळे वाचली, पण तो खर्च सगळ्यांच्या बिलांवर वाटला गेला. आपल्या सौर दिव्यांच्या चोवीस हजारांना असा कोणताही नियम आड आला नाही.

ही गोष्ट झाल्यावर आमच्या गटाने दोन कामं केली.

एक, प्रत्येक घरात लाइट बिलाची वही. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मीटरचा आकडा आपण स्वतः लिहायचा. बिल आलं की मागील रीडिंग आणि चालू रीडिंग ताडून बघायचं. "सरासरी" असं आलं असेल तर लगेच कार्यालयात सांगायचं, नाहीतर पुढे एकदम मोठं बिल येतं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, थकबाकी यांचे वेगळे रकाने आखायचे. इंधनाचा रकाना वाढला की समजायचं, वापर तोच असला तरी बिल का चढलं. सुरक्षा ठेव किती आहे तेही लिहून ठेवायचं, त्यावर व्याज मिळतं. तक्रार सुटली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे अर्ज करता येतो.

दोन, कोणाही विक्रेत्याला विचारायचे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. मागच्या दोन वर्षांचे तपासलेले हिशोब दाखवता का? तपासणारा तुमचाच सल्लागार तर नाही? आधी घेतलेल्या तीन गटांची नावं द्या, आम्ही जाऊन बघू. कर्ज कोणाच्या नावावर आहे? आमची आगाऊ रक्कम कुठे राहील? तुमचं दुकान बंद पडलं तर दुरुस्ती कोण करणार? आणि शेवटचा: न वापरताही द्यावी लागेल अशी कुठली रक्कम आहे?

एप्रिलमध्ये विक्रेता परत आला. आम्ही म्हटलं, दहा हजार आगाऊ, बाकी यंत्र बसून चालल्यावर बँकेतून. हिशोब मागितले. तो "पाठवतो" म्हणून गेला, तो आलाच नाही.

मैत्रिणींनो, हे खोटं सांगत नाही, यंत्र नाही म्हणून नुकसान झालं. जूनचा पाऊस लवकर आला आणि अंगणात घातलेलं कोकम बुरशीने गेलं. दोघी-तिघी आमच्यावर रागावल्या, त्यांचंही बरोबर आहे. माणूस खरा असेल तर आम्ही संधी घालवली. पण साठ हजार गटाच्या खात्यात आहेत आणि ते कोणाच्या घामाचे आहेत ते बैठकीत बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. दुसऱ्या विक्रेत्याशी बोलणं सुरू आहे. त्याने तीन गटांची नावं दिली आहेत. पुढच्या आठवड्यात काकी आणि आम्ही दोघी एसटीने बघायला जाणार आहोत. वही बरोबर नेणार आहोत.