ताऱ्यांचा ताप आणि पुण्याची दुर्बीण

ताऱ्याला तापमापक लावता येत नाही. तरीही शास्त्रज्ञ सांगतात, राजन्य ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे १२,००० केल्विन आणि काक्षीचे ३,५०० च्या आसपास. हे आकडे येतात कुठून?

आमच्या बोनकोड्याच्या गच्चीवरून आकाश फारसे दिसत नाही. कोपरखैरण्याचे दिवे आणि खाडीवरचा दमट धुरकटपणा यांत बारीक तारे बुडून जातात. पण थंडीत मृग नक्षत्र वर आले की हे दोघे ओळखू येतातच. काक्षी तांबूस, राजन्य निळसर पांढरा. आम्ही कवी तांबड्याला निखारा म्हणतो आणि निळ्याला शीतल. लोहाराला विचाराल तर तो हसेल. त्याच्या भट्टीत लोखंड आधी लाल होते, मग पिवळे आणि फार तापले की पांढरे. तारे लोहाराच्या बाजूचे आहेत. निळसर तो अधिक तापलेला.

राजन्याचे 'रायगेल' हे नाव अरबी 'रिज्ल', म्हणजे पाय, यावरून आले. इ.स. ९६४ च्या सुमारास अल सूफी यांनी ताऱ्यांचे तेज आणि काहींचे रंगही नोंदवले, तेही नुसत्या डोळ्यांनी. पण डोळ्याला रंग कळतो, मोजता येत नाही. मोजणी आली ती फोटोच्या काचेमुळे. जुन्या काचा निळ्या प्रकाशाला हळव्या होत्या, आपला डोळा पिवळ्या-हिरव्याला. त्यामुळे तांबूस तारा काचेवर फिका उमटे. आधी ही कटकट वाटली, मग लक्षात आले की या फरकातच ताऱ्याचा रंग आकड्यात हाती येतो आहे. पुढे मुद्दाम निवडलेल्या रंगीत गाळण्या आल्या. १९५३ मध्ये जॉन्सन आणि मॉर्गन यांनी अतिनील, निळी आणि पिवळसर-हिरवी अशा तीन गाळण्यांची पद्धत बसवून दिली.

पिवळसर गाळणीतून राजन्य साधारणपणे काक्षीच्या दीडपटही तेजस्वी भरत नाही. निळीतून मात्र तो सुमारे आठपट भरतो. नुसत्या तेजावर विसंबता येत नाही, कारण जवळची पणती लांबच्या सर्चलाइटइतकी उजळ दिसू शकते. पण दोन गाळण्यांतल्या तेजाचे गुणोत्तर काढले की अंतर आपोआप गळून पडते. उरतो तो रंग, आणि रंगावरून तापमान. वाटेतली धूळ ताऱ्याला उगाच तांबडे करते, तिचा हिशेब वेगळा करावा लागतो. तिथे तिसरी गाळणी कामी येते.

गाळण्यांची ही पद्धत रुळण्याच्या कितीतरी आधी, ताऱ्यांचा प्रकाश फोडून पाहण्याचे काम आपल्या पुण्यात सुरू झाले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कावसजी दादाभाई नायगमवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी देणगी दिली, मुंबई सरकारने भर घातली आणि १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, वेधशाळा उभी राहिली. तिथली २० इंची दुर्बीण कित्येक दशके देशातली सर्वांत मोठी होती. मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासून नायगमवालांनी १८९१ मध्ये लॉकियर या बड्या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष छापला. त्या काळी पुण्यात बसून हे करायला छाती लागत असे. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण त्यांनी सोलापूरकडच्या जेऊरला टिपले.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद करण्यात आली. उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. माझ्या मते, तारे आटोपले म्हणून नव्हे, तर पाहणारा एकच होता म्हणून हे झाले. हाताखाली दुसरा तयार करायची सोय कुणी केलीच नव्हती. आठ वर्षांनी, १९२० मध्ये, मेघनाद साहांनी वर्णपटातल्या रेषांवरून ताऱ्याचे तापमान काढण्याचे सूत्र जगाला दिले, तेव्हा पुण्यातली ती जागा रिकामी होती.

आंबेगाव तालुक्यात गिरवलीला 'आयुका'ची २ मीटर व्यासाची दुर्बीण उभी राहिली ती २००६ मध्ये. मध्ये ९४ वर्षे गेली. तिच्या उपकरणात रंगीत गाळण्यांचे एक चाक आहे. ते फिरवून एकाच ताऱ्याचे तेज एकामागून एका रंगात मोजतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)