घराच्या गच्चीवर पवनचक्की बसवायची? आधी वारा मोजा, मग पैसे मोजा

गच्चीवर गरगर फिरणारी छोटी पवनचक्की आणि खाली कॅप्शन, ‘आता लाईट बिल झिरो!’ असा एखादा रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर मोठ्या पवनचक्क्या चालतात, मग आपल्या गच्चीवर छोटी का चालणार नाही, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. चालू शकते. पण ती फिरणं वेगळं आणि तिच्यातून कामाची वीज मिळणं वेगळं.

वीज नेमकी कशी तयार होते?

वाऱ्याने पाती फिरतात आणि त्यांना जोडलेलं जनरेटर वीज तयार करतं. ती चार्ज कंट्रोलरमधून बॅटरीत साठते आणि इन्व्हर्टरमधून घरात येते. बहुतेक छोट्या पवनचक्क्या साधारण ताशी ११ किलोमीटर वेगाचा वारा आल्यावरच वीज द्यायला लागतात.

खरी मेख इथे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की वीज दुप्पट नाही, तर आठपट होते. अर्थात वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते.

पात्यांच्या घेराचा व्यास २ मीटर असलेली पवनचक्की घेऊ. वाऱ्यातली पाव ऊर्जा ती पकडते असं धरलं, तर ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात ती साधारण ४७० वॉट देईल. ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात मात्र फक्त ६० वॉट. म्हणजे नेहमीचा ७५ वॉटचा सीलिंग फॅनही चालणार नाही. खोक्यावर लिहिलेले ‘५०० वॉट’ हे जोरदार वाऱ्यातले असतात, रोजचे नाहीत.

गच्चीवर तर खूप वारा लागतो की!

लागतो, पण तो गोंधळलेला असतो. शेजारची इमारत, पाण्याची टाकी, नारळाचं झाड यांना आपटून वारा भोवऱ्यासारखा फिरतो. अशा वाऱ्यात पवनचक्की सतत दिशा बदलत राहते, वीज कमी मिळते आणि भाग लवकर झिजतात.

ब्रिटनमध्ये याची प्रत्यक्ष चाचणी झाली आहे. २००७-०८ मध्ये ‘वॉरविक विंड ट्रायल्स’ या प्रकल्पात इमारतींवर बसवलेल्या २६ छोट्या पवनचक्क्यांची नोंद ठेवली गेली. बंद असलेला काळ धरून एका पवनचक्कीने दिवसाला सरासरी २१४ वॉट-तास वीज दिली. म्हणजे पाव युनिटपेक्षाही कमी. त्यात ९ वॉटचा एक एलईडी बल्ब दिवसभर चालेल, बस्स. उंच इमारतींवरच्या काही पवनचक्क्या तर रहिवाशांनी आवाजाची तक्रार केल्यामुळे बहुतेक काळ बंदच होत्या.

तुलनेसाठी, १ किलोवॉटचं सोलर आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज देतं. शिवाय २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती सोलरला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. ही योजना पवनचक्कीसाठी नाही.

मग कुणी बसवावी?

डोंगरमाथ्यावरचं किंवा मोकळ्या पठारावरचं शेतघर, समुद्राकाठची उघडी जागा, लाईन न पोहोचलेली वस्ती. अशा ठिकाणी सोलर आणि पवनचक्कीची जोडी चांगली जमते. कारण सोपं आहे. जून ते सप्टेंबर ढगांमुळे सोलर मंदावतं, पण महाराष्ट्रात वारा जोरात असतो तो याच महिन्यांत.

शहरातल्या फ्लॅटधारकांनी मात्र यात पडू नये. स्लॅबला बसणारे हादरे, वॉटरप्रूफिंगचं नुकसान, आवाज आणि सोसायटीची परवानगी एवढं सगळं सांभाळून हाती फार काही लागत नाही.

घेण्याआधी काय तपासायचं?

• वारा: ‘ग्लोबल विंड ॲटलस’ या मोफत वेबसाइटवर आपल्या भागातल्या वाऱ्याचा सरासरी वेग दिसतो. पण तिला तुमच्या शेजारची इमारत दिसत नाही. म्हणून जिथे पवनचक्की बसवायची, त्याच उंचीवर वेग नोंदवणारं ॲनिमोमीटर लावा. शक्यतो वर्षभर, कारण फक्त पावसाळ्यात मोजलं तर आकडे फसवतील.

• उंची: १५० मीटरच्या परिघात जे काही सर्वात उंच असेल, त्यापेक्षा पात्यांचं खालचं टोक किमान ९ मीटर वर हवं. म्हणजे गच्चीपेक्षा जमिनीवरचा स्वतंत्र खांब बरा.

• कंट्रोलर: बॅटरी भरल्यावर सोलर नुसतं तोडून ठेवलं तरी चालतं. पवनचक्कीचा लोड तोडला तर पाती बेफाम फिरू लागतात. जास्तीची वीज जिरवणारा ‘डंप लोड’ आणि ब्रेक आहे ना, हे विचारा.

• सुरक्षा: अर्थिंग आणि वीजरोधक हवाच. किनाऱ्यावर गंज लवकर चढतो आणि वादळाचाही धोका असतो. निसर्ग चक्रीवादळ रायगडकर विसरलेले नाहीत. तिथे आडवा करता येणारा खांब घ्या.

• परवानगी: ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत आधी विचारून घ्या. वीज ग्रिडला द्यायची असेल, तर नेट मीटरिंगबद्दल आपल्या वीज कंपनीच्या कार्यालयात खरेदीआधीच चौकशी करा.

विक्रेत्याला एकच प्रश्न

‘किती वॉटची आहे?’ असं विचारू नका. ‘माझ्या जागेवर, माझ्या वाऱ्यात, वर्षाला किती युनिट देईल?’ असं विचारा आणि उत्तर लेखी मागा. मग पवनचक्की, खांब, बॅटरी, इन्व्हर्टर आणि दरवर्षीची देखभाल असा सगळा खर्च धरा. वर्षाच्या युनिटला तुमच्या बिलातल्या दराने गुणा. पवनचक्कीचं आयुष्य संपेपर्यंत पैसे वसूल होत नसतील, तर तोच खर्च सोलरवर करा. आणि विक्रेता तुमच्या जागेचा वारा न मोजताच आकडा सांगत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.