धातूचा थकवा ऐकताना

मडके विकत घेताना आपण त्यावर टिचकी मारतो. खणखणीत वाजले तर घ्यायचे, बद्द वाजले तर परत ठेवायचे. लोखंडाची परीक्षा मात्र एवढी सोपी नाही. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला. अपघातात आणि नंतरच्या आगीत पन्नासहून अधिक माणसे दगावली.

असे आस का तुटतात? जर्मन अभियंता ऑगस्ट वोलर यांनी १८६०च्या दशकात ते पुन्हा पुन्हा वाकवून पाहिले. एकदा सहज पेलला जाणारा ताणही लाखो वेळा पडला, की पोलाद तुटते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. पंचाईत अशी, की तडा जाईपर्यंत तो डोळ्यांना दिसत नाही.

१८८५ साली लॉर्ड रॅले यांनी गणिताने दाखवले, की घन पदार्थाच्या पृष्ठभागालगतच धावणाऱ्या लहरीही असतात. त्यांच्या मनात भूकंप होते. पण थकव्याची सुरुवातही बहुधा पृष्ठभागावरच होते, त्यामुळे या लहरी पुढे अभियंत्यांच्या कामी आल्या. तीस लाख कंपनांची श्राव्यातीत लहर पोलादात जेमतेम मिलिमीटरभर खोलीपर्यंतच पोचते.

नेहमीच्या तपासणीत तड्यावरून परतणारा प्रतिध्वनी ऐकतात. तडाच नसेल तर प्रतिध्वनी कुठून येणार? येथे धातूचा एक गुण उपयोगी पडतो. दाबणे आणि ताणणे यांना तो अगदी सारखा प्रतिसाद देत नाही. त्यामुळे लहरीचा आकार बिघडतो आणि मूळ सुराबरोबर दुप्पट कंपनांचा क्षीण सूर उमटतो. यालाच शास्त्रज्ञ अरेषीय वर्तन म्हणतात. ब्रीझील आणि थॉम्पसन यांनी १९६३ साली ॲल्युमिनियममध्ये असा सूर मोजला. थकव्याने धातूच्या अंतर्रचनेत दोष साचू लागले, की तो वाढतो.

२००६ साली अमेरिकेतील जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी जेट इंजिनात वापरल्या जाणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूवर हीच मोजणी पृष्ठलहरींनी केली. या लहरी पाठवणारे आणि टिपणारे उपकरण एकाच बाजूला ठेवता येते, ही मोठी सोय. अडचण एवढीच, की उपकरणेही स्वतःचा दुप्पट सूर मिसळतात; तो वेगळा काढावा लागतो.

वोलर यांना आस तुटेपर्यंत वाट पाहावी लागली होती. तो तुटण्याआधीच त्याची कुरकुर ऐकू यावी, यासाठी ही सारी खटपट आहे.