सुट्टीतली गोष्ट: पुस्तकाआधी अंक शोधा

दिवाळीची सुट्टी लागली की मुलांचा अंक आधी कुणी वाचायचा, यावरून तुमच्याही घरी भांडणं झाली असतील. मे महिन्यात तर सोलापुरात पारा चाळिशीच्या वर. दुपारी बाहेर सोडायचे नाहीत, मग पंख्याखाली पडून तीच गोष्ट तिसऱ्यांदा वाचायची. आज त्या गोष्टींकडे संशोधक म्हणून बघू. प्रश्न साधा आहे: 'सुट्टीतली गोष्ट' लेखकानं घडवली की कॅलेंडरनं?

आधी एक बाहेरचं उदाहरण घ्या. डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' 19 डिसेंबर 1843 ला बाजारात आलं आणि पहिल्या आवृत्तीच्या 6000 प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. ते काही खास मुलांसाठी लिहिलेलं नव्हतं. पण सण, बाजार आणि गोष्ट यांची गाठ कशी बसते, हे त्यातून कळतं.

आपल्याकडे ही गाठ दिवाळीशी बसली. वा. गो. आपटे यांनी मुलांसाठी 'आनंद' मासिक 1906 मध्ये सुरू केलं. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'चा दिवाळी अंक 1909 चा. तो मोठ्यांचा होता, पण दिवाळी अंकाची प्रथा पुढे मुलांच्या मासिकांतही रुजली. पाठ्यपुस्तक मंडळाचं 'किशोर' 1971 मध्ये आलं, तेही ऐन नोव्हेंबरात.

याचा गोष्टीवर परिणाम होतोच. अंकातली गोष्ट ठरलेल्या पानांत बसवावी लागते. आणि नायक शाळकरी असेल तर त्याला साहस करायला मोकळा वेळ हवा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश, पुण्यात विद्याभवनमध्ये शिकतो. रोज सकाळी हजेरी द्यायची असेल तर चोरांच्या मागे जाणार कधी? म्हणजे सुट्टी ही नुसती पार्श्वभूमी नाही, तिच्यामुळे कथानक चालतं. शांता शेळके यांनी 'चौघीजणी' नावानं मराठीत आणलेल्या 1868 च्या कादंबरीची सुरुवातही नाताळच्या तोंडावर होते, हे लक्षात घ्या.

आता माझी चूक सांगतो. मी मूळचा विज्ञानाचा, त्यामुळे तक्ता करायची घाई. वाचनालयातून पुस्तकं आणली, आत छापलेलं साल उतरवलं आणि दशकांनुसार आलेखही काढला. गाईडनी एकच विचारलं, "ही पहिली आवृत्ती आहे का?" नव्हती. काही तर चौथी-पाचवी पुनर्मुद्रणं होती. प्रयोगशाळेत नमुना कधी, कुठून घेतला हे लिहिल्याशिवाय मी बाटलीला हात लावला नसता. इथे मात्र तेच विसरलो. तीन आठवड्यांचं काम वाया गेलं.

पण त्यातूनच मुद्दा सापडला. गोष्ट अंकातून संग्रहात गेली की तिचा महिना पुसला जातो. ती दिवाळीसाठी लिहिली होती की मे महिन्यासाठी, शेजारच्या पानावर काय होतं, जाहिरात कसली होती, यातलं काही उरत नाही. आपण 'अभिजात' म्हणून वाचतो ती बहुतेकदा अशी महिना हरवलेली गोष्ट असते.

दुसरा मुद्दा जरा घरचा आहे. गोष्टीतला मामा नेहमी लांबच्या गावी असायचा, आगगाडीनं जायचं. माझा मामा साखर पेठेत, दोन गल्ल्या पलीकडे. आमची खरी मजा जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याला. गिरणीच्या चाळीत वाढलेली मुलं, घरी तेलुगू किंवा कन्नड बोलून शाळेत मराठी वाचणारी मुलं, त्यांची सुट्टी या गोष्टींत किती येते? 'येत नाही' असं लगेच लिहू नका. मोजा. मलाही तेच करायचंय.

सुरुवात सोपी आहे. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन मोफत ठेवलेत. दहा वर्षांचे दिवाळी अंक घ्या. प्रत्येक गोष्टीपुढे चार रकाने करा: अंकाचा महिना, नायक कुठून निघतो, कुणाच्या घरी जातो, परत कधी येतो. आणि साल लिहिताना आधी आवृत्ती बघा, म्हणजे तुमचे तीन आठवडे तरी वाचतील.